आठ नंबरची गुल्ली

आईच्या वर्षश्राद्धाच्या दिवशी, दुपारी, माझ्या थोरल्या बहिणीने मला सांगितले की आईच्या कानातल्या सोन्याच्या बाळ्या मोडून भाचीसाठी टॉप्स करायचे आहेत. कापसाची पहिली वेचणी सुरू होती. ताई आणि भाऊजी सकाळच्या गाडीने अकोल्याहून बडनेऱ्याला उतरून अमरावतीत माझ्याकडे आले होते. पंगत उठली होती, नातेवाईक गेले होते, आणि ताई धुतलेली ताटे पुसून फळीवर लावत होती. भाचीचे लग्न पुढच्या वर्षी, तुळशीच्या लग्नानंतर करायचे ठरले होते.

मोडू नको, असे मी म्हणाले.

"मंग घालते कोण?" ताई म्हणाली. "पोट्टीच्या कानात जात नाई, माह्या कानात जात नाई. तुह्या जाते काय? का पेटीत ठेवून पूजा करशीन?"

बाळ्या लाखेच्या होत्या. आत लाख आणि वरून सोन्याचा पातळ पत्रा, म्हणून दिसायला भरीव आणि हाताला हलक्या. कानात जाणारी दांडीही तशीच, पाच मिलिमीटरहून थोडी जाड. आजच्या टॉप्सची दांडी एक मिलिमीटरच्या आतबाहेर असते. सराफ्यातल्या दुकानात मी आधीच चौकशी केली होती. दांडी तासली तर पत्रा फाटेल आणि लाखेचा भुगा बाहेर येईल, असे दुकानदाराने सांगितले होते. बाळी बारीक होणार नव्हती. कानाचे भोक मोठे झाले तरच ती घालता आली असती.

"लग्नापर्यंत माझ्या कानात गेल्या तर?" मी विचारले.

भाऊजी पंख्याखाली बसले होते. ते हसले. ताई हसली नाही.

"गेल्या तर तुह्या," ती म्हणाली. "नाई गेल्या तर सराफाकडं. मंग तोंड फुगवू नोको."

त्यानंतर ती चहा करायला आत गेली. संध्याकाळच्या गाडीने दोघे परत गेले. बाळ्या माझ्याकडेच राहिल्या.

आई शेवटची काही वर्षे माझ्याकडे होती. राजापेठेत भाड्याच्या दोन खोल्या होत्या. मी एका दैनिकाच्या अमरावती कार्यालयात उपसंपादक होते आणि ग्रामीण पान माझ्याकडे होते. त्या वर्षांत तालुक्यांतून रोज एका तरी शेतकऱ्याच्या मृत्यूची बातमी येत असे. तिची जागा ठरलेली होती, डावीकडे खाली एक कॉलम. वय, गाव, पेरलेले पीक, मागे कोण आहे, एवढा मजकूर. आई होती तेव्हा दुसऱ्या दिवशी सकाळी ते पान माझ्याकडून वाचून घेत असे. गाव ओळखीचे निघाले तर मागे आणखी कोण कोण आहे, हे ती मला सांगत असे. ती गेल्यावर पान वाचून दाखवायला कोणी उरले नाही. सकाळी अंक दाराखालून आत सरकवला जाई आणि संध्याकाळी मी कामावर निघेपर्यंत तिथेच पडलेला असे.

बोलताना आई बाळी चाळवत असे. तिच्या कानाची पाळी बाळीच्या खालीही बोटभर लोंबत होती. वारली तेव्हा मीच त्या काढल्या. भोके तशीच उघडी राहिली, आणि त्यातून उशीचा अभ्रा दिसत होता.

कान ताणण्याची माहिती मला कार्यालयातल्या इंटरनेटच्या संगणकावर मिळाली. पुण्या-मुंबईत तेव्हा काही मुले हौसेने कान ताणू लागली होती, आणि त्यांच्यासाठी लिहिलेली पाने होती. मी ती छापून घेतली. सूचना सगळीकडे साधारण सारख्या होत्या. एका वेळी एकच माप वाढवायचे. दोन मापांमध्ये किमान दीड-दोन महिने जाऊ द्यायचे, जाड मापांना त्याहून जास्त. आंघोळीनंतर, कातडी मऊ असताना, तेल लावून गुल्ली, म्हणजे भोकात बसणारा गोल दांडीसारखा तुकडा, घालायची. ती आपसूक जायला हवी. अडली तर काढून घ्यायची आणि आणखी काही आठवडे थांबायचे. दुखले किंवा रक्त आले तर आधीच्या मापावर परत जायचे. गुल्ली गुळगुळीत पोलादाची किंवा काचेची हवी, दवाखान्यात चालते त्या दर्जाची. ताज्या भोकात लाकूड, हाड, प्लॅस्टिक घालायचे नाही. एका मर्यादेनंतर भोक पुन्हा पूर्ण मिटत नाही. ती मर्यादा प्रत्येकाच्या कानाची वेगळी असते आणि आधी सांगता येत नाही.

मापे मिलिमीटरमध्ये नव्हती, नंबरमध्ये होती. नंबर उलटे चालत होते. अठरा नंबर म्हणजे साधे टोचलेले भोक, दहा नंबर त्याहून मोठे, चार नंबर म्हणजे आईच्या बाळीची दांडी. मला याची सवय व्हायला वेळ लागला. आमच्या कामात अठरा पॉइंटचा मथळा दहा पॉइंटच्या मजकुरापेक्षा मोठा असतो. फोनवर हे सांगितले तेव्हा भाऊजींना मात्र नवल वाटले नाही. त्यांचे अकोल्यात मोटार वायंडिंगचे दुकान होते. विहिरीवरच्या पंपांच्या जळालेल्या मोटारी त्यांच्याकडे येत, आणि तांब्याची तार नंबरावरच मिळते.

"आमच्याकडं तसंच हाय," ते म्हणाले. "नंबर वाढला का तार बारीक. तुमी आता आमच्या लाइनीत आल्या."

सुरुवात करण्याआधी मी हिवरखेडला गेले. आईची धाकटी बहीण तिथे राहत होती. आईच्या पिढीतली, कान ताणलेली, आमच्या घरातली तेवढीच एक बाई उरली होती. मावशी ओसरीवर भुईमुगाच्या शेंगा फोडत होती. तिच्या दोन्ही कानांच्या पाळ्या लोंबत होत्या आणि त्यांत काहीच नव्हते.

"कान कसे वाढवले तुम्ही?" मी विचारले.

"वाढवते कोण? आपोआप वाढे," ती म्हणाली. "टोचले का कडूलिंबाची काडी. मंग ज्वारीचा धांडा सोलाचा, आतला पांढरा गर असते ना, त्याचा तुकडा घालाचा. अंग धुतलं का तो फुगे. फुगला का भोक मोठं होये. मंग दुसरा, जाड."

"दुखत नव्हतं?"

"दुखे ना! पण मायपाशी कोण सांगते? रडलं का दोन रपाटे भेटे." तिने शेंग टोपल्यात टाकली. "तुह्या मायचा एक कान पिकला होता. पाळी अंबाडीच्या दोऱ्यानं बांधून ठेवे. आन तू काहून इचारून राह्यली?"

मी कारण सांगितले. मावशीने शेंगा बाजूला ठेवल्या आणि माझ्या कानाची पाळी दोन बोटांत धरून पाहिली.

"अवो बाई, लोकं कान शिवाले अकोल्याच्या दवाखान्यात जातेत, आन तू या वयात फाडाले निंघाली!"

"फाडत नाही. हळूहळू वाढवते."

"वाढव बापा. तुले कोण अडवते? घरी ना सासू ना नवरा."

तिच्या बाळ्या कुठे गेल्या, असे मी विचारले. शेजारी बसलेली सून उठून आत गेली.

"बियाण्यात गेल्या," मावशी म्हणाली. "बीटी कपाशीचं पाकीट आणलं तवा. कान तेवढे रायले."

संध्याकाळच्या बसने मी परत निघाले. धांड्याचा गर वापरायचा नाही, हे छापलेल्या पानातही होते. तो ओल धरतो, एकदम फुगतो आणि भोकाच्या आतली कातडी फाटते. आईच्या पिकलेल्या कानाची गोष्ट मला आधी माहीत नव्हती.

मुंबईच्या एका सहकाऱ्याने पोलादी गुल्ल्यांचा संच पाठवला. सोळा ते दहा नंबर, प्रत्येकाची जोडी, दोन्ही टोकांना रबराची कडी. सोळा नंबर दिवाळीनंतर बसला, चौदा नंबर डिसेंबरअखेर, बारा नंबर फेब्रुवारीत. कोणत्याही वेळी दुखले नाही. दिवसातून दोनदा मिठाच्या कोमट पाण्याने धुवायचे, आठवड्यानंतर खोबरेल तेलाने पाळी चोळायची, एवढेच काम होते. सकाळी आंघोळ झाल्यावर मी ते खिडकीपाशी बसून करत असे. या खोल्यांमध्ये करण्यासारखे आणि दुसऱ्या दिवशी पुढे चालू ठेवण्यासारखे दुसरे काही नव्हते.

एक अडचण सुरुवातीलाच लक्षात आली. कानाची पुढची बाजू आरशात दिसते, मागची दिसत नाही. घाईने ताणले तर इजा मागच्या बाजूला होते; आतली कातडी मागे ढकलली जाते आणि भोकाभोवती कडे उभे राहते. म्हणून मागची बाजू रोज पाहावी, कोणाकडून तरी पाहून घ्यावी, असे छापलेल्या पानात लिहिले होते. मी दोन आरसे वापरत असे. एक भिंतीवर, दुसरा हातात. हातातला डोक्यामागे धरला की पाळी केसांच्या सावलीत जाई. केस वर धरायला तिसरा हात लागला असता. बोटाने चाचपून मी समाधान करून घेत असे.

कार्यालयात बारा नंबर बसेपर्यंत कोणाच्या लक्षात आले नाही. त्यानंतर मुख्य उपसंपादकांनी एकदा मजकुरावरून मान वर केली.

"मॅडम, कानात नटबोल्ट आहे काय?"

"हो," मी म्हणाले.

"ढिल्ला झाला तर सांगा. मशीनवाल्यांकडे पाना आहे."

दोघे-तिघे हसले. तो विषय तिथेच संपला.

ताईचा फोन आईच्या निधनानंतर महिन्यातून एकदा येत असे. हिवाळ्यात तो दर रविवारी येऊ लागला. सुरुवात ठरलेली असे. "किती नंबर?" ताई विचारत असे. मी नंबर सांगितला की ती तो मोठ्याने भाऊजींना सांगत असे, आणि घराला लागून असलेल्या दुकानातून भाऊजी काहीतरी बोलत. मागे लेथ मशीनचा आवाज ऐकू येत असे. मग ती भाचीच्या सासरचे, साड्यांचे, गावातल्या कोणाच्या तरी आजारपणाचे सांगत असे. रविवारी सकाळी मी बाहेर जाणे बंद केले. फोन दहाच्या सुमारास येत असे.

"खरंच घालशीन तू?" मार्चमधल्या एका रविवारी तिने विचारले.

"घालीन."

"पोट्टीबी इचारत होती. मावशीच्या कानात आजीच्या बाळ्या पाहाच्या म्हणे तिले, लग्नात." मग ती म्हणाली, "मले वाटलं तू चार दिवसांत सोडून देशीन."

दहा नंबर एप्रिलमध्ये बसला. संच तिथे संपत होता. पुढचा संच मागवला तर तो मुंबईहून महिनाभरात येईल असे सहकाऱ्याने कळवले. पुढचे माप घालायची वेळ जूनमध्ये होती, म्हणजे तेवढा अवधी होता. मे महिन्यातल्या एका रविवारी हे फोनवर बोलणे झाले तेव्हा भाऊजींनी ताईच्या हातून फोन घेतला.

"मुंबईले काहून मांगता? आपल्या बाजूच्या चाचाचं खरादचं, लेथचं दुकान हाय. एका घंट्यात काढून देते. कोणता नंबर?"

"आठ," मी म्हणाले. "पण साधं स्टेनलेस नको. दवाखान्यात वापरतात ते हवं. तीनशे सोळा म्हणतात त्याला."

"चाचा!" फोन हातात धरूनच भाऊजी ओरडले. "तीनशे सोळाची सळी हाय काय?"

पलीकडून आवाज आला. "है ना. किसके लिए?"

"साळीच्या कानासाठी."

"कान के लिए? अरे बावा, पंप के लिए नहीं?"

ताईचे हसणे मला ऐकू आले. त्या रविवारी ती बराच वेळ हसत होती.

जूनच्या पहिल्या आठवड्यात अकोल्याहून येणाऱ्या एका नातेवाइकाने गुल्ल्यांची जोडी आणून दिली. काम चांगले होते. टोके गोल केलेली, अंग आरशासारखे. दहा नंबरच्या शेजारी ठेवल्यावर ती बरीच जाड दिसली. मी छापलेला तक्ता पाहिला. नंबर उतरतो तसा दोन मापांतला फरक वाढत जातो, असे त्यात लिहिले होते. जाडी दिसण्याचे कारण तेच असेल असे मी धरले. मोजायला घरात पट्टी होती, आणि पट्टीवर गोल वस्तूची जाडी अचूक कळत नाही.

रविवारी सकाळी आंघोळ करून मी डाव्या कानापासून सुरुवात केली. गुल्ली अर्ध्यात अडली. सूचनेप्रमाणे ती तिथे काढायला हवी होती. दहा वाजायला आले होते. मी आणखी तेल लावले आणि दाबली. ती गेली. रुमालावर रक्ताचा डाग पडला, फार मोठा नाही. फोन आला तेव्हा मी डाव्या कानाला लावलेला रिसीव्हर उजव्या कानाला लावला.

"किती नंबर?"

"आठ. एका कानात."

"आठ गेला वो!" ताईने भाऊजींना सांगितले.

उजव्या कानात ती गुल्ली मी घातली नाही. डावा कान पुढचे दोन दिवस ठणकत होता. तिसऱ्या दिवशी ठणका कमी झाला. पुढून पाहिले तर भोक नीट दिसत होते. हातातल्या आरशात मागची बाजू काळी दिसत होती, आणि तो केसांचा रंग आहे की कशाचा, हे समजत नव्हते. डाव्या कुशीवर झोपता येत नव्हते, म्हणून मी उजव्या कुशीवर झोपत होते. आठवड्याच्या शेवटी उजवा कानही सुजला.

कार्यालयात पान लावणारी मुलगी माझ्या मागच्या टेबलावर बसत असे. एका संध्याकाळी ती पानाची प्रत घेऊन उठली आणि माझ्या खुर्चीमागे थांबली.

"मॅडम, तुमच्या कानामागं काय झालं?"

"काय झालं?"

"मांस बाहेर आलंय. लाल, गोल. कुणी पाह्यलं नाही काय घरी?"

पान छपाईला सोडायला वेळ होता. मी तिला सांगितले की घरी कोणी नाही. ती प्रत टेबलावर ठेवून गेली.

दुसऱ्या दिवशी मी कातडीच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी गुल्ली काढली आणि भोकाच्या आतली कातडी फाटून मागे वळली आहे असे सांगितले. दोन मापे खाली जा, सूज पूर्ण उतरेपर्यंत दोन्ही कानांना हात लावू नका, किमान तीन महिने. मिठाचे पाणी चालू ठेवा. हट्ट केला तर पाळी खालून फाटेल आणि टाके घालावे लागतील, आणि टाके घातलेल्या जागी पुन्हा भोक धरत नाही.

"घाई कशाची आहे?" त्यांनी विचारले.

घरात लग्न आहे, असे मी सांगितले.

जुलैत सुटी काढून मी अकोल्याला गेले. दोन्ही गुल्ल्या सोबत नेल्या, मुंबईची दहा नंबर आणि अकोल्याची आठ. दुकानात दोन मोटारी उघड्या पडल्या होत्या. भाऊजींनी भिंतीवरच्या खिळ्यावरून तारेच्या मापाची चकती काढली. ती पोलादाची गोल चकती असते आणि तिच्या कडेला नंबरवार खाचा असतात. आठ नंबरची गुल्ली त्यांनी आठच्या खाचेत सरकवून दाखवली. ती बरोबर बसली.

"पाहा. यात काई गफलत नाई," ते म्हणाले.

मग त्यांनी मुंबईची दहा नंबर गुल्ली चकतीवरच्या दहाच्या खाचेत घातली. ती सैल पडली. त्यांनी ती बाराच्या खाचेत घातली. तिथे ती जवळजवळ बसली. भाऊजींनी चकती खाली ठेवली आणि कपाटातून मायक्रोमीटर काढला. दोन्ही गुल्ल्या त्यांनी दोनदा मोजल्या. मुंबईची दोन पॉइंट एकोणसाठ मिलिमीटर भरली. अकोल्याची चार पॉइंट शून्य सहा. माझ्या तक्त्यावर आठ नंबरपुढे तीन पॉइंट सव्वीस लिहिले होते.

चाचा पलीकडून हात पुसत आले. त्यांनी माझा छापलेला कागद उलटसुलट करून पाहिला.

"ये अमेरिका का नंबर है," ते म्हणाले. "अपना इंग्लंड का चलता है, शुरू से."

त्याआधी हे आम्हा तिघांपैकी कोणाच्याच लक्षात आले नव्हते. दोन्हीकडे नंबर उलटे चालतात, दोन्हीकडे आठ म्हणजे दहापेक्षा जाड, म्हणून फोनवरच्या बोलण्यात कुठेही अडले नव्हते. तांब्याची तार ज्या मापाने अकोल्यात विकली जाते ते माप वेगळे, आणि कानाच्या दागिन्यांचे वेगळे. मी मिलिमीटर विचारले नव्हते आणि त्यांनी सांगितले नव्हते.

भाऊजी बराच वेळ मायक्रोमीटर पुसत होते.

"मी आठ म्हणालो, तुमीबी आठ म्हणाल्या," ते म्हणाले.

"हो," मी म्हणाले.

घरी ताईने माझी मान वळवून कानामागे पाहिले. खिडकीचा उजेड तिकडून येत होता. मग ती आतून हळद आणायला गेली. हळद लावायची नाही असे डॉक्टरांनी सांगितले आहे, हे मी तिला सांगितले, तेव्हा तिने डबा परत ठेवला. माझ्या कानाची मागची बाजू पान लावणाऱ्या मुलीनंतर आणि डॉक्टरांनंतर पाहणारी ती तिसरी होती.

त्यानंतर रविवारचे फोन कमी झाले. पेरण्या लांबल्या होत्या, मग दुबार झाल्या, आणि मोटारी दुरुस्तीला येणे थांबले. भाऊजी फोनवर आले तर तब्येत विचारत. नंबर विचारत नसत. ऑगस्टमध्ये फोन एकदाच आला.

सप्टेंबरच्या अखेरीस सूज पूर्ण उतरली होती. मुंबईहून पुढचा संच आला होता. या वेळी प्रत्येक गुल्ली मी सराफ्यातल्या दुकानात व्हर्नियरवर मोजून घेतली. उजव्या कानात आठ नंबर, तीन पॉइंट सव्वीसचा, न दुखता बसला. डावा कान बारावर होता आणि त्यापुढे जात नव्हता.

दिवाळीनंतरच्या आठवड्यात ताई एकटीच अमरावतीला आली. पत्रिका छापून झाल्या होत्या. तिने पहिली पत्रिका देवापुढे ठेवली, दुसरी माझ्या हातात दिली. मग खुर्ची माझ्याजवळ ओढून घेतली.

"दाखव."

मी केस वर धरले. तिने उजवा कान पाहिला, मग डावा, मागून आणि पुढून.

"उजव्यात जाईन?"

"आता नाही. अजून दोन मापं आहेत. उन्हाळ्यापर्यंत जाईल."

"लगन उन्हाळ्यात हाय काय?"

मी केस खाली सोडले.

"एक बाळी ठेव," मी म्हणाले. "एकीचे टॉप्स कर. एक माझ्याकडे राहू दे."

"इचारलं मी," ती म्हणाली. "तुह्यासाठीच इचारलं. सराफ म्हणते, आत सगळी लाख हाय. एका बाळीत जोडी होत नाई, दोन्ही लागन." तिने पदराने चेहरा पुसला. "पोट्टीच्या कानात मायचं काईतरी रोज राहीन. तुह्याकडं पेटीत राहीन. तूच सांग."

बाळ्या कपाटात, आईच्या जुन्या चष्म्याच्या डबीत होत्या. मी डबी काढून दिली. ताईने ती उघडून पाहिली, बंद केली आणि पिशवीत ठेवली. जेवण करून जा, असे मी म्हणाले. गाडी चुकेल, असे ती म्हणाली. मी तिला रिक्षापर्यंत सोडले. रिक्षात बसल्यावर तिने हात बाहेर काढून माझ्या उजव्या कानाला लावला.

"इतका केला, आता बंद नोको करू," ती म्हणाली. "चांगला दिसते."

रिक्षा बडनेरा रोडला वळली.

बाळ्या अकोल्याच्या सराफाकडे त्याच आठवड्यात मोडल्या. लाख वजनातून वजा झाली. लग्न ठरलेल्या दिवशी अकोल्यात झाले. भाचीने टॉप्स घातले होते. तिने ते मला जवळ येऊन दाखवले. फुलाच्या आकाराचे, मागे मळसूत्राची फिरकी. मी दोन्ही कानांत पोलादी गुल्ल्या घातल्या होत्या आणि त्यांवर केस सोडले होते.

उजव्या कानात सहा नंबर जानेवारीत बसला. चार नंबरची गुल्ली, आईच्या बाळीच्या दांडीएवढी, अक्षय्य तृतीयेच्या आठवड्यात, सकाळी आंघोळीनंतर, पहिल्याच खेपेला गेली. रक्त आले नाही.